परवडत नाही

बँकेनं मला कोकुराला पाठवलं ते फेब्रुवारीत.
काम सोपं : तीन दिवस, एक वही,
आणि शेवटी एवढंच, की
परवडतं किंवा नाही.

इमारत बंदराकडे पाठ करून उभी.
पूर्वी इथं चिपा बनायच्या, करंगळीच्या नखाएवढ्या.
त्यांना धूळ चालत नसे,
आता लेट्यूसला चालत नाही.
दारात तोच हवेचा झोत, तीच पांढरी टोपी,
आणि शिओत्सुकीबाईही त्याच.
चौतीस वर्षं भिंगातून तारा तपासणारे डोळे
आता पानाच्या कडेचं करपलेपण शोधतात.

चौदा फळ्या, एकीवर एक. माती नाही.
मुळं पाण्यात पांढरी लोंबतात,
वरचा उजेड असा जांभळा
की त्यात माणूस आजारी दिसतो
आणि पान काळं.
इथं रात्री अकराला उजाडतं,
कारण तेव्हा वीज स्वस्त.
दुपारी तीनला मावळतं,
बाहेर गोदीवर खरं ऊन फुकट सांडत असताना.

मी विचारलं, "ते का घेत नाही?"
बाई म्हणाल्या, "त्याचं काही सांगता येत नाही."

वहीत उतरवत गेलो :
दिवे, दिव्यांची उष्णता घालवणारी यंत्रं,
त्या यंत्रांची दुरुस्ती,
एका गड्ड्यामागे इतकी वीज
की माझ्या खोलीतला हीटर रात्रभर चालला असता.
पान कोवळं, निर्दोष,
कधी वारा न लागलेलं.
त्याला एकदाही कुणी कुरतडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसनं तासभर गेलो.
उतारावर मात्सुगुमा नावाचा म्हातारा
गुडघ्यांना पोतं बांधून गड्डे कापत होता.
किंमत कारखान्याच्या तिसऱ्या हिश्शाची.
मला दिलेल्या पानाला भोक होतं.
भोकाचे पैसे त्यानं लावले नव्हते.

"सप्टेंबरात वादळ आलं तेव्हा?"
"ओढ्यानं आठ दिवस शेत ठेवून घेतलं."
"मग?"
"मग काय. त्या कारखान्याचंच पान विकत आणलं.
पाणी खाल्ल्यासारखं लागलं."
कोयता पोत्याला पुसत म्हणाला,
"पण होतं."

तिसऱ्या दिवशी भिंतीलगतची सगळ्यात खालची फळी.
इथल्या पाण्यात पोटॅशियम जवळजवळ घालत नाहीत.
रोप कुढतं, वाढायला आठवडा जास्त घेतं,
निम्मी टाकून द्यावी लागतात.
सगळ्यात मोठा तोटा हाच.
मी लाल रेघ ओढली, जरा समाधानानंच,
आणि विचारलं, हे खातं कोण?

डायलिसिस केंद्र, दर मंगळवारी चाळीस गड्डे.
मंगळवारच होता. टेम्पोत पुढं बसून गेलो.

यानागिदा एकेकाळी गोदीत क्रेन चालवायचे.
सात वर्षं त्यांच्या घरी भाजी उकळतात,
पाणी ओततात, पुन्हा उकळतात,
राहील तो चोथा खातात.
एक हात यंत्राला जोडलेला,
दुसऱ्या हातानं त्यांनी पान दुमडलं,
तोंडात घातलं, आणि डोळे मिटून
चावायचं सोडून नुसते थांबले.
मग कर्र. मग पुन्हा कर्र.
"आवाज," ते म्हणाले.
"चव नाही हो. हा आवाज."

मलाही एक पान दिलं.
खोटं कशाला बोलू, कशाचीच चव लागली नाही.

हॉटेलवर येऊन बेरीज केली, दोनदा.
दोन्ही वेळा तीच आली.
अहवालात लिहिलं : परवडत नाही.
आकडे खरे आहेत, त्यांच्यावर माझी सही आहे.
फक्त त्या दोन शब्दांच्या आधी
बोटभर जागा सुटली होती, तिथं कुणाचं तरी नाव यायला हवं होतं;
बँकेचं घातलं तर वाक्य बरोबर होत होतं
आणि तरी मी पेन उघडं धरून बसलो.

साडेदहा वाजले. खाली गोदीवर भोंगा झाला.
शिओत्सुकीबाई आता टोपीत केस कोंबत असतील.
अर्ध्या तासात त्यांच्याकडे उजाडेल.